एसी सगळ्यात शेवटी: सोलापुरातल्या जुन्या घराची वायरिंग नव्यानं करून घेताना

सोलापुरात आम्हा वायरमन लोकांचा हंगाम गड्ड्यानंतर सुरू होतो. सिद्धेश्वराची यात्रा उरकली, संक्रांतीची थंडी ओसरली की लोक माळ्यावरचे कूलर खाली काढतात आणि मार्चच्या मध्यापासून फोन वाजायला लागतो. "अण्णा, एसी घेतलंय. एक पॉइंट काढून द्या की, अर्ध्या तासाचं काम आहे." जाऊन बघावं तर घर चाळीस वर्षांचं. मीटरखाली चिनी मातीचा फ्यूज, त्यात तांब्याची तार दुहेरी पिळून घातलेली, कारण एकेरी तार सारखी उडत होती. अर्थिंगची वायर मीटरच्या फळीपर्यंत आलीय आणि तिथेच संपलीय. अशा घरात पॉइंट काढणं खरंच अर्ध्या तासाचं काम आहे. घर त्या पॉइंटच्या लायकीचं करायला मात्र पाच-सात दिवस लागतात.

हा लेख त्या पाच-सात दिवसांबद्दल आहे. हे वाचून तुम्ही स्वतः पक्कड हातात घेऊ नका. काम करून घेताना काय मागायचं, कशाच्या आधी काय करायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा नाही, एवढं कळलं तरी पुरे. माझा क्रम ठरलेला आहे: आधी जमीन, मग माणूस वाचवणारा ब्रेकर, मग वायर, मग भार, आणि सगळ्यात शेवटी एसी. बहुतेक घरांत हा क्रम बरोबर उलटा चालतो.

घरातून एक चक्कर

वायरमनला बोलवायच्या आधी एक संध्याकाळ वही-पेन घेऊन घरातून फिरा. बोर्ड उघडायचा नाही. नुसतं बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. हात लावायचा तो बाहेरच्या प्लास्टिकला आणि तोही कोरडा. इस्त्री अर्धा तास चालली की सॉकेट गरम लागतं का? मोटर सुरू होताना ट्यूब डोळे मिचकावते का? एखाद्या बटणातून चर्र असा आवाज येतो का? सॉकेटची भोकं पिवळी-काळी पडलीत का? टॉप (प्लग) खोचला की सैल लोंबतो का? बाथरूममध्ये ओल्या हातानं नळ धरला की मुंग्या येतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर यादी तिथेच थांबवा, गिझर बंद करा आणि त्याच दिवशी माणूस बोलवा.

घर कुठल्या जातीचं आहे त्यावरही बरंच ठरतं. पेठांमधल्या माळवदाच्या घरांत वायर लाकडी पट्टीवरून, तुळयांच्या कडेनं गेलेली असते. वर माती, मधे लाकूड, पावसाळ्यात झिरपणारं पाणी आणि त्याच लाकडावर वाळून कडक झालेली जुनी वायर. अशा दगड-मातीच्या भिंतीत झिरी (पाईपासाठी खाच) मारायचा हट्ट धरू नका. कटर लावला की अर्धी भिंत खाली येते. तिथे वरून पीव्हीसीची पट्टी किंवा पाईप चांगला. दिसायला साधा, पण दहा वर्षांनी उघडून बघता येतो. पत्र्याच्या घरांचं दुखणं वेगळं, ते पुढे येईल. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या स्लॅबच्या घरांत पाईप भिंतीत असतात, त्यामुळे जुनी वायर ओढून काढून त्याच पाईपातून नवी नेता येते. मात्र पाईप कुठे दबलेला असेल तर वायर अडकते. असं काही ठिकाणी होणारच, म्हणून थोडं फोडकाम हिशेबात धरून चला.

आता महावितरणचं बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' छापलेला असतो. जुन्या घरात तो बऱ्याचदा एक किलोवॉटच्या आसपास दिसतो. त्याच्या शेजारी तुमच्या घरातल्या वस्तू मांडा. दीड टनाचा एसी साधारण १.७ किलोवॉट, गिझर २, इस्त्री १, मिक्सर पाऊण, हौदाची अर्ध्या एचपीची मोटर जवळपास अर्धा, वॉशिंग मशीन अर्धा (पाणी तापवणारं असेल तर दोनच्या घरात), फ्रिज आणि कूलर प्रत्येकी ०.२, जुने चार पंखे मिळून ०.३, दिवे-टीव्ही पाव. बेरीज साडेसातच्या आसपास जाते.

घाबरू नका, हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही. गिझर आणि एसी तर सोलापुरात एका महिन्यात क्वचितच भेटतात. जानेवारीच्या सकाळी गिझर, मिक्सर, मोटर, फ्रिज आणि दिवे-टीव्ही धरून पावणेचार किलोवॉट होतात. मे महिन्याच्या दुपारी एसी, मोटर, फ्रिज, पंखे, दिवे-टीव्ही आणि वर इस्त्री धरून चार. चार हजार वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सतरा-साडेसतरा अँपिअर. तुमच्या मेन लाइननं एवढं झेललं पाहिजे. हा आकडा वहीत लिहा आणि त्याभोवती गोल करा.

माणूस कोण आणायचा

शेजाऱ्याचं काम केलेला, हाताला वेग असलेला पोरगा स्वस्त पडतो. पण वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं असतं, आणि भार वाढवायच्या अर्जाला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नका. ज्याच्याकडे असतो तो खिशातून काढून दाखवतो. मी आणखी दोन गोष्टी विचारायला सांगतो. तुमच्याकडे मेगर, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, आहे का? आणि अर्थिंग मोजून आकडा लिहून द्याल का? समोरचा हसला किंवा "टेस्टरनं बघू की" म्हणाला, तर चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे तिथे फेज (वीज आणणारी वायर) आहे एवढंच कळतं. दिवा लागला नाही म्हणून वीज नाही असं धरून चालणारे लोक मी दवाखान्यात बघितलेत.

जमीन: अर्थिंगचा खड्डा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जमिनीत गाडलं की दिसत नाही आणि दिसत नाही तिथेच चोरी होते.

अर्थिंग म्हणजे काय? फ्रिज, कूलर, गिझर यांच्या धातूच्या अंगाला जोडलेली हिरवी वायर, जी शेवटी जमिनीत पुरलेल्या पाईपाला जाऊन मिळते. आत कुठे फेजची वायर सोलून अंगाला टेकली तर विजेला जमिनीकडे जायला वाट मिळते. वाट नसली तर ती अंगावरच बसून राहते आणि तुमच्या हाताची वाट बघते.

आता सोलापूरची माती आठवा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, बोटं जातील एवढ्या भेगा पडतात. ओली माती वीज वाहून नेते, कोरडी नेत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये मोजलेलं झकास अर्थिंग मे महिन्यात तसं राहत नाही. आणि आपल्याकडे ४३-४४ अंशांत कूलर आणि एसी चालतात ते नेमके मे महिन्यात. म्हणून माझं सांगणं: मोजायचं असेल तर उन्हाळ्यात मोजा.

नेहमीची पद्धत अशी. घराच्या पायापासून किमान दीड मीटर लांब खड्डा घ्यायचा. त्यात ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप उभा करायचा. भोवती कोळसा आणि जाड मिठाचे थर. वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाचा छोटा चौकोनी हौद. भेगा टाळायच्या असतील तर मार्च ते जून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायचं. आजीनं तुळशीला घालावं तसं, विसरायचं नाही. आता तयार केमिकल अर्थिंग मिळतं, त्यात पाईपाभोवती ओल धरून ठेवणारी पावडर भरतात. अरुंद बोळातल्या घराला, जिथे खड्डा घ्यायला जागाच नाही, तिथे ड्रिलनं भोक पाडून हे बसवता येतं. थोडं महाग, पण मला पटतं. आपल्याकडे बऱ्याच भागात काळ्या मातीखाली लगेच मुरूम आणि काळा दगड लागतो. तसं झालं तर एक खोल खड्डा घेण्यापेक्षा लांब-लांब दोन खड्डे घेऊन ते आपसात जोडलेले बरे.

घरासाठी अर्थिंगचा रोध, म्हणजे जमिनीकडे जाताना विजेला होणारा अडथळा, ५ ओहमच्या आत आला तर समाधान मानायचं. आकडा कागदावर, तारखेसकट.

तीन शॉर्टकट मी रोज बघतो, तिन्ही नाकारा. पहिला, अर्थिंग नळाच्या पाईपाला बांधणं. जुना लोखंडी पाईप मधेच कधीतरी प्लास्टिकचा झालेला असतो, मग तुमचा बिघाड तुमच्याच न्हाणीघराच्या नळात उतरतो. दुसरा, हिरवी वायर फक्त मीटरपर्यंत आणणं. ती प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत गेली पाहिजे. तिसरा सगळ्यात वाईट: सॉकेटमधेच अर्थची आणि न्यूट्रलची (वीज परत नेणाऱ्या वायरची) पिन तुकड्यानं जोडून टाकणं. तपासायला गेलं की "अर्थ आहे" असं दिसतं. पण न्यूट्रल कुठे सुटला की फेज थेट कूलरच्या पत्र्यावर येते. हे जाणूनबुजून करणाऱ्या माणसाला मी परत दारात उभा करत नाही.

माणूस वाचवणारा ब्रेकर

"आमच्याकडे एमसीबी आहे की," असं म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारं, फ्यूजच्या जागी आलेलं बटण. तो वायर वाचवतो, तुम्हाला नाही.

हिशेब करा. २३० व्होल्ट, अर्थिंग उत्तम म्हणजे ५ ओहम. कूलरच्या अंगाला फेज लागली तर जमिनीत जाणारा प्रवाह जास्तीत जास्त ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी कर्व्हचा (सुरुवातीचा मोठा झटका सोसणारा) एमसीबी झटकन पडायला किमान ८० अँपिअर लागतात. म्हणजे तो पडेल, पण तापून, सावकाश. आणि तेवढा वेळ कूलर जिवंत राहील. माणसाच्या शरीरातून तर एक अँपिअरचा छोटा भाग गेला तरी हृदयाची लय बिघडते. एमसीबीच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे एक बारीकसा बल्ब.

माणूस वाचवणारा ब्रेकर म्हणजे आरसीसीबी. तो वेगळ्या तत्त्वावर चालतो. फेजनं गेलेली वीज न्यूट्रलनं परत आली का, एवढंच तो मोजत बसतो. फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी जमिनीत किंवा कुणाच्या तरी अंगातून चालली आहे. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचेपर्यंत तो सेकंदाच्या छोट्या अंशात मेन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. दुकानात १०० आणि ३०० चेही असतात, ते माणसासाठी नाहीत. डबीवर आयएस १२६४० आणि आयएसआय चिन्ह बघा. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकून खरं-खोटंही तपासता येतं.

त्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही. जास्त भारानं तो पडत नाही, ते काम एमसीबीचं. दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओही मिळतो. आणि अर्थिंग नसतानाही तो चालतो, पण मग फरक मोजायला त्याला तुमचंच शरीर मिळतं. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या क्षणीच पडतो, तुम्ही शेजारच्या खोलीत असताना.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच दिवशी हमखास तक्रार येते: "बसतच नाही ओ, लावला की पडतोय." मग घाईतला वायरमन तो वगळून लाइन थेट करून देतो. असं होऊ देऊ नका. बहुतेक वेळा कारण एकच असतं. जुन्या वायरिंगमध्ये हॉलच्या दिव्याचा न्यूट्रल स्वयंपाकघराच्या बोर्डातून उसना घेतलेला असतो, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी जोडलेला असतो. गेलेली वीज दुसऱ्या वाटेनं परत येते, आणि आरसीसीबीला वाटतं गळती आहे. हे एकेक सर्किट सोडवत शोधावं लागतं. कधी अख्खा दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी आनंदानं द्या.

वायर

वायरची जाडी सांगताना दुकानात कुणी चौरस मिलिमीटर म्हणत नाही. दीडची, अडीचची, चारची म्हणतात. दिवे-पंख्यांना दीडची. साध्या पॉवर पॉइंटला, फ्रिजला, इस्त्रीला अडीचची. गिझर आणि एसीला चारची, प्रत्येकाची डीबीपासून (सगळे ब्रेकर असलेल्या पेटीपासून) स्वतंत्र. मीटर ते डीबी मेन लाइन सहाची किंवा दहाची, वहीत गोल केलेल्या आकड्यावर आणि अंतरावर ठरते. माझा कल थोडी जाड घेण्याकडे असतो. वायरची क्षमता भोवतालच्या गरमीवर अवलंबून असते, आणि पत्र्याखाली किंवा गच्चीला लागून गेलेल्या पाईपात मे महिन्यात काय तापमान असेल याचा अंदाज हात लावूनच करा.

तांबंच घ्या. ॲल्युमिनियमची जुनी वायर तांब्याला पिळून जोडली की तो सांधा हळूहळू ऑक्साइड धरतो, सैल होतो, तापतो. जळालेले बोर्ड मी उघडतो तेव्हा बरेचदा असा सांधाच समोर येतो. वायरवर आयएस ६९४ छापलेलं हवं, आणि आग न पसरवणारी एफआर किंवा कमी धूर करणारी एफआरएलएस. गुंडाळी ९० मीटरची असते. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. रंगाचं शिस्तीनं पाळून घ्या: फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. "हिरवी संपली, लाल वापरतो, काय फरक पडतोय" असं म्हणणाऱ्या माणसाला फरक पडत नाही, त्याच्यानंतर दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्याला पडतो. बटण नेहमी फेजवर. सांधा बोर्डातच, पाईपाच्या पोटात कधीही नाही.

डीबी कुठे आणि कशी

जुन्या घरात सगळं एका फ्यूजवर असतं. मिक्सरनं दगा दिला की अख्खं घर अंधारात. नवी डीबी करताना निदान असे भाग पाडा: दिवे-पंखे दोन भागांत, म्हणजे एक पडला तरी अर्ध्या घरात उजेड राहील, स्वयंपाकघर वेगळं, फ्रिज वेगळा, गिझर, एसी, मोटर प्रत्येकी स्वतंत्र. दिव्यांना ६ किंवा १० अँपिअरचा बी कर्व्ह (कमी झटक्यालाही पडणारा), अडीचच्या पॉवर पॉइंटला १६ चा, गिझर-एसीला २० चा, मोटर आणि एसीला सी कर्व्ह, कारण त्या सुरू होताना मोठा झटका घेतात. एमसीबीचा आकडा वायर सोसेल त्या अँपिअरपेक्षा मोठा कधीच नसावा. पडतोय म्हणून १६ च्या जागी ३२ चा लावणं म्हणजे फ्यूजमध्ये तार दुहेरी पिळण्याचाच नवा अवतार.

आणि एक गोष्ट जी कंपनीच्या पुस्तकात असते पण आपल्याकडे कुणी वाचत नाही: घरगुती एमसीबी ३० अंश तापमान धरून तयार केलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात, बंद पत्र्याच्या पेटीत तो ठेवला की आत पन्नासच्या पुढे जातं आणि तो ठरल्यापेक्षा आधीच पडतो. "दुपारी तीनला पडतोय, रात्री पडत नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी सूर्य कुठून येतो ते बघतो. डीबी घराच्या आत, सावलीत, छातीच्या उंचीवर, गॅसपासून आणि पाण्यापासून लांब. प्रत्येक बटणाखाली मराठीत नाव लिहून घ्या. कन्नड, तेलुगू, उर्दू, जी भाषा घरात चालते तीही चालेल, पण घरातल्या म्हातारीला वाचता आली पाहिजे.

पाणी

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हौद आला, हौद आला म्हणून मोटर आली. पाणी आल्याबरोबर बायामाणसं ओल्या पायांनी, ओल्या अंगणात ती मोटर सुरू करतात. तिची वायर जमिनीवरून लोळत गेलेली असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती बदला. मोटरचं बटण हौदाच्या तोंडाशी नको, घरात किंवा वळचणीखाली बंद पेटीत हवं. मोटरला स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबीतून आलेल्या लाइनवर, आणि अंगाला अर्थ. हौदात उतरायचं असेल तर बटण बंद करून चालत नाही. मोटरचा टॉपच काढून हातात घ्यायचा.

लोखंडी कूलर हा माझा जुना वैरी. पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, आठ महिने माळ्यावर पडून उंदरानं कुरतडलेली वायर, आणि पुढे दोन पिनांचा टॉप. घरात लाखाचं काम करून घेतलं आणि कूलर दोन पिनांवरच लावला तर अर्थिंग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दरवर्षी काढताना वायर बदला, तीन पिनांचा टॉप लावा, पाणी भरताना तो काढून ठेवा. पाणी तापवायच्या रॉडबद्दल एवढंच: गिझर आला की तो कुणाला देऊही नका, तोडून टाका.

पत्र्याची घरं आणि कपड्यांची तार

खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर वाऱ्यानं तिचं आवरण झिजतं आणि एका पावसाळ्यात पूर्ण पत्रा, त्याला टेकलेला लोखंडी दरवाजा आणि दारातली कपड्यांची तार, सगळं जिवंत होतं. सर्व्हिस वायर स्वतंत्र पाईपावरून, पत्र्यापासून उंच घ्या. कपड्यांसाठी लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा. या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हेच. मी सांगितलं आणि लोकांनी लगेच केलं असंही फक्त यातच होतं.

घरातच यंत्रमाग असतील तर त्यांचं कनेक्शन, मीटर आणि डीबी राहत्या घरापासून पूर्ण वेगळी ठेवा. सुताची धूळ पेटीत साचते आणि एक ठिणगी तिला पुरते, म्हणून मागाकडची पेटी झाकणबंद हवी आणि आठवड्याला लाइन बंद करून झाडायची.

इन्व्हर्टर आणि सुटलेला न्यूट्रल

मेन बंद केला म्हणजे घर मेलं असं नाही. इन्व्हर्टर मागून दिवे-पंख्यांच्या वायरीत २३० व्होल्ट सोडतच असतो. काम सुरू करायच्या आधी तो बंद करून त्याच्या दोन्ही वायरी वेगळ्या केल्यात का, हे तुम्ही स्वतः विचारा. बॅटरीचा कोपरा हवेशीर हवा, देवघराशेजारी नको. समईची ज्योत आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन यांची ओळख नको व्हायला.

शहराच्या दारात, फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे; रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीनं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रीड देशाच्या ग्रीडला जोडली गेली, तीही आपल्याच अंगणातून. पण गल्लीतल्या खांबावर न्यूट्रल सुटला की या थोरवीचा उपयोग नाही. एका घरात व्होल्टेज पडतं, दुसऱ्यात ४०० कडे चढतं, आणि एका मिनिटात टीव्ही, फ्रिज, राउटर जातात. त्यासाठी डीबीत जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण बसवून घ्या. दिवे अचानक पांढरेफटक झाले तर आधी मेन पाडा, मग महावितरणच्या १९१२ ला फोन करा.

भार वाढवणं

वायरिंग झाल्यावर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ग्राहक क्रमांक आणि ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट हाताशी ठेवा. अनामत आणि स्थिर आकार थोडा वाढतो, म्हणून लोक टाळतात. पण एक किलोवॉटच्या कागदावर चार किलोवॉट ओढलं की मीटरची टोकं, सर्व्हिस वायर आणि गल्लीचा ट्रान्सफॉर्मर तिघंही ते सोसत असतात. उद्या छतावर सौर पॅनेल बसवायचं मनात असेल, आणि सोलापूरच्या उन्हात ते यायलाच हवं, तर आत्ताच छतापासून डीबीपर्यंत एक रिकामा पाईप टाकून ठेवा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर दाराशी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढा. खिडकीतून लोंबणारा एक्स्टेंशन बोर्ड रात्रभर तापत राहतो.

कामाचे दिवस

पहिल्या दिवशी खड्डा. त्याला पाणी मुरायला वेळ मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झिऱ्या आणि पाईप. या दिवसांत धूळ इतकी उडते की लोणच्याच्या बरण्यासुद्धा आधीच बांधून ठेवा. गवंडी झिरी बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना तेच फोटो उपयोगी पडतात. मग वायर ओढणं, मग डीबी, मग बोर्ड.

वीज सोडायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं प्रत्येक सर्किटचा इन्शुलेशन रोध मोजायला सांगा. किमान १ मेगओहम, नव्या वायरीला तर तो कितीतरी जास्त येतो. प्रत्येक सॉकेटला फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर आहे का हे बघा. शेवटी आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. हे बटण फक्त यंत्र तपासतं, अर्थिंग नाही, म्हणून अर्थिंगचा आकडा वेगळा लिहून घ्या. महिन्याला एकदा घरातल्याच कुणीतरी ते दाबायचं. मी लोकांना बिल भरायचा दिवस सुचवतो. दाबल्यावर पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

डीबीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवा: तारीख, अर्थिंगचा ओहम, कुठली वायर कुठे गेलीय, ठेकेदाराचा परवाना क्रमांक.

आता एसीवाल्याला फोन करा. चारची वायर भिंतीत आलेली आहे, २० चा सी कर्व्ह डीबीत बसलाय, हिरवी वायर जमिनीपर्यंत पोचलीय. अर्ध्या तासाचं काम आहे.